रोल थोडे ठेवा, हद्दी वेगळ्या आखा: फील्ड सर्व्हिसच्या शेड्यूलिंगमधल्या परवानग्या

प्रश्न थोडक्यात असा आहे: ग्राहकाच्या जागी जाऊन काम करणारे चाळीसेक टेक्निशियन, चार विभाग, त्यांना कामं नेमून देणारे सहा डिस्पॅचर आणि काही सब-कॉन्ट्रॅक्टर. शेड्यूलिंगचं सॉफ्टवेअर आलं तेव्हा घाईघाईत जवळजवळ सगळ्यांना ॲडमिनचेच अधिकार दिले गेले. मग एका डिस्पॅचरकडून दुसऱ्या विभागाची कामं हलली, एका टेक्निशियनला ग्राहकाशी ठरलेले दर दिसले, आणि रोल (एका भूमिकेला द्यायच्या परवानग्यांचा संच) करायला घेतले तर बघता बघता त्यांची संख्या १९ झाली. तरीही रोज कुणी ना कुणी ‘मला हे बटणच दिसत नाही’ म्हणून फोन करतं. हे नीट कसं बसवायचं? आणि मालकांनी ॲडमिन लॉगिन मागितलंय, ते द्यायचं का?

मी बरीच वर्षं हेच काम करते: नवे रोल आखणं आणि गुंता झालेले रोल सोडवणं. सुरुवात त्या १९ पासूनच करू, कारण तो आकडा कुठून आला हे कळलं की अर्धं उत्तर हाती येतं.

तुमची यादी अशी आहे. टेक्निशियन, डिस्पॅचर आणि सुपरवायझर हे तीन रोल, चार विभागांसाठी प्रत्येकाच्या चार प्रती, म्हणजे १२. रात्रपाळीच्या डिस्पॅचरसाठी दर विभागाला आणखी एक, झाले १६. वर बिलिंग, सब-कॉन्ट्रॅक्टर आणि ॲडमिन, झाले १९. उद्या पाचवा विभाग उघडला की आणखी चार वाढतील. यात खरोखर वेगळे रोल सहाच आहेत. बाकी सगळं ‘कुठे’ आणि ‘कधी’ आहे, ते रोलच्या नावात कोंबलं गेलंय.

परवानगीचा कुठलाही प्रश्न आला की तो तीन तुकड्यांत विचारायची सवय लावून घ्या. हा माणूस काय करू शकतो? कोणत्या कामांवर? आणि काम कोणत्या टप्प्यावर असताना? पहिल्याचं उत्तर रोल देतो. दुसऱ्याचं उत्तर हद्द देते, म्हणजे विभाग, टीम किंवा ‘फक्त माझ्या नावावरची कामं’. तिसऱ्याचं उत्तर कामाचं स्टेटस देतं. डेव्हिड फेराइओलो आणि रिचर्ड कून यांनी १९९२ साली रोलवर आधारित परवानग्यांचं मॉडेल मांडलं, तेव्हा मुद्दा हा होता की अधिकार माणसाला चिकटवू नयेत, कामाच्या भूमिकेला द्यावेत. माणूस बदलला तरी व्यवस्था तीच राहावी. ती कल्पना आजही भक्कम आहे. पण विभाग आणि वेळ हे त्या मूळ मांडणीत नाहीत, ते आपल्याला बाजूला उभे करावे लागतात. ते तसे उभे केले नाहीत तर रोलच्या प्रती निघत राहतात.

बहुतेक मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये याची सोय असते. मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्स ३६५ फील्ड सर्व्हिसमध्ये ॲडमिनिस्ट्रेटर, डिस्पॅचर, रिसोर्स असे तयार रोल येतात आणि प्रत्येक परवानगीला पातळी लावता येते: फक्त स्वतःचे रेकॉर्ड, आपलं बिझनेस युनिट, त्याखालची युनिटं, किंवा पूर्ण संस्था. सेल्सफोर्समध्ये ‘काय करता येईल’ हे परमिशन सेट ठरवतात आणि ‘कोणते रेकॉर्ड दिसतील’ हे शेअरिंगचे नियम ठरवतात. तुमचं सॉफ्टवेअर कोणतंही असो, या दोन गोष्टींच्या दोन वेगळ्या जागा त्यात कुठे आहेत ते आधी शोधा. त्या सापडेपर्यंत नवा रोल करू नका.

आता रोलमध्ये काय घालायचं. ही यादी मीटिंग रूममध्ये बसून करू नका, बोर्डासमोर, म्हणजे कोणतं काम कोणाकडे आणि कधी हे दाखवणाऱ्या शेड्यूलच्या स्क्रीनसमोर, बसून करा. एका कामात मी सकाळी साडेसातपासून अकरापर्यंत एका डिस्पॅचरच्या शेजारी वही घेऊन बसले होते. तिच्या मॅनेजरने मला तिच्या अधिकारांची यादी दिली होती, पाच ओळींची: काम नेमणं, हलवणं, वेळ बदलणं, रद्द करणं, ग्राहकाला कळवणं. पहिल्या तासातच तिने यादीत नसलेल्या तीन गोष्टी केल्या. एका टेक्निशियनने तब्येत बरी नसल्याचा फोन केला, तिने त्याच्या नावावर रजा टाकली. एक काम बोर्ड कुणाच्याच रांगेत बसू देईना, तर तिने एका टेक्निशियनच्या प्रोफाइलमध्ये जाऊन हवं ते स्किल जोडलं, काम ओढून टाकलं आणि पुढच्या कामाला लागली. तिसरी गोष्ट म्हणजे आदल्या दिवशी बंद झालेलं एक काम तिने पुन्हा उघडून ‘ग्राहक जागेवर नव्हता’ हे कारण बदललं.

तिन्ही गोष्टी तिने चांगल्या हेतूने केल्या होत्या. रजा टाकणं हे तिचंच काम, ते यादीत यायला हवं होतं. बंद काम उघडणं सुपरवायझरकडे जायला हवं, कारण त्या कारणावरून ग्राहकाला फेरीचे पैसे लावायचे की नाही हे ठरतं. आणि स्किल जोडणं तिच्या हातात अजिबात नको होतं. स्किलच्या त्या रकान्यात कुणाची तरी सुरक्षितता असते. विजेच्या किंवा गॅसच्या कामासाठी प्रमाणपत्र लागतं, त्याची मुदत संपते, म्हणून बोर्ड अडवतं. सकाळच्या धांदलीत तो अडथळा दोन क्लिकमध्ये दूर होत असेल, तर तो अडथळा नाहीच.

यावरून एक नियम मी पक्का धरलाय. बोर्डाच्या अटी दोन जातींच्या असतात. काही सोयीच्या: ग्राहकाला आवडणारा टेक्निशियन, प्रवासाचं अंतर, दिवसात किती कामं. या अटी डिस्पॅचरला मोडता याव्यात, फक्त कारण लिहूनच. काही अटी परवान्याच्या आणि सुरक्षिततेच्या: प्रमाणपत्र, सलग कामाचे तास, दोन माणसांचं काम एकट्याला न देणं. या डिस्पॅचरला मोडता येऊ नयेत, आणि त्या अटी ज्या माहितीवर चालतात ती माहितीही तिला बदलता येऊ नये. दुसरा भाग लोक हमखास विसरतात. अट मोडायचं बटण काढून घेतात आणि टेक्निशियनचं प्रोफाइल उघडंच ठेवतात.

शेजारच्या विभागाची कामं हलण्याचा तुमचा प्रसंग मला अनेक ठिकाणी भेटलाय. घाबरून शेजारचा विभाग दिसेनासा केला तर नवा त्रास सुरू होतो, कारण दुपारी तीन वाजता तातडीचं काम आलं की हद्दीपलीकडे दहा मिनिटांवर कोण मोकळा आहे हे डिस्पॅचरला बघावंच लागतं. म्हणून शेजारचा विभाग दिसू द्या, त्यात बदल करू देऊ नका. माणूस उसना घ्यायचा तर मागणी टाकायची, आणि ती पलीकडच्या डिस्पॅचरने मंजूर करायची. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी मागणी टाकता येत नसेल तर तिथल्या डिस्पॅचरला फोन करून तिच्याच हाताने ते काम टाकून घ्या. दोन मिनिटं जास्त जातील, पण आपल्या माणसाची दुपार कुठे गेली हे तिला ठाऊक असेल. सीमेवरच्या, दोन्ही विभागांत काम करणाऱ्या टेक्निशियनचं आधीच ठरवून ठेवा: त्याचा मूळ विभाग एक, आणि दुसऱ्यात तो पाहुणा. दोन्हीकडे मूळ नोंद केली की दोन डिस्पॅचर त्याच तासात दोन कामं टाकतात आणि दोघींचंही बरोबर असतं.

इथेच एक छुपी वाट आहे. बोर्डावर ‘ऑप्टिमाइझ’सारखं एखादं बटण असतं, जे दिवसभराची कामं आपोआप नीट लावतं. ते काम पुष्कळदा तुमच्या डिस्पॅचरच्या लॉगिनखाली चालत नाही, सिस्टिमच्या एका वेगळ्या खात्याखाली चालतं, आणि त्या खात्याला सगळीकडे मुभा असते. म्हणजे जिला शेजारच्या विभागातलं एकही काम हाताने हलवता येत नाही, ती हे बटण दाबून त्या विभागाची सगळी दुपार हलवू शकते. तुमच्याकडे कामं हलली ती हाताने की या बटणाने, हे बदलांच्या नोंदीत बघा. हलवणाऱ्याच्या जागी सिस्टिमचं नाव असेल तर दोष माणसाच्या परवानगीत शोधू नका. हे बटण कोणाला दाबता येईल, ते किती विभागांवर चालेल, आणि त्याच्यामागचं वजन (प्रवास कमी करायचा की वेळ पाळायची) कोण बदलेल, या तीन वेगळ्या परवानग्या आहेत. पहिली डिस्पॅचरला द्या, स्वतःच्या विभागापुरती. वजन बदलणं एका नियोजकाकडे ठेवा, कारण तिथला एक आकडा बदलला की चाळीस जणांचा दिवस बदलतो.

टेक्निशियनकडे वळू. त्याच्या रोलमध्ये ‘फक्त माझी कामं’ ही हद्द असते असं सगळे म्हणतात, पण ‘माझी’ म्हणजे कधीपासून कधीपर्यंत हे कुणी ठरवत नाही. माझा ठोकताळा असा आहे. नेमलेलं काम त्याला दिसतं. प्रवास सुरू केल्यावर ग्राहकाचा फोन नंबर आणि आत शिरायच्या सूचना दिसतात. काम पूर्ण करून सही घेतली की त्याच्याकडून नोंद गोठते. चूक राहिली तर सुपरवायझर उघडतो, आणि आधी काय होतं हेही नोंदीत राहतं. काम बंद झाल्यावर काही दिवसांनी फोन नंबर झाकला जातो. किती दिवसांनी, ते तुमच्या तक्रारींच्या मुदतीवरून ठरवा. त्याच जागेवर आधी काय दुरुस्त झालं हा इतिहास मात्र त्याला दिसलाच पाहिजे. तो अडवला तर तोच पार्ट दुसऱ्यांदा बदलला जातो, आणि त्यासाठी ग्राहक आपल्याला माफ करत नाही.

दर दिसण्याचा तुमचा प्रश्न थोडा वेगळा आहे. तिथे पूर्ण रेकॉर्ड झाकून चालत नाही, कारण कोणता पार्ट, किती नग, हे टेक्निशियनलाच लिहायचं असतं. झाकायचा असतो तो एक रकाना. म्हणून रकान्याच्या पातळीवरची परवानगी बघा. आणि ती लावल्यावर सहीसाठी ग्राहकापुढे जो कागद टेक्निशियनच्या फोनवर उघडतो, त्यात दर छापले जातायत का तेही बघा. एका ठिकाणी स्क्रीनवर दर झाकले होते, पण त्याच फोनवर तयार होणाऱ्या पीडीएफमध्ये ते शेवटच्या रकान्यात ठळक छापलेले होते.

स्क्रीनवरून बटण गेलं म्हणजे परवानगी गेली, असा समज फार खोलवर रुजलेला आहे. बटण लपवणं ही वापरणाऱ्याची सोय झाली. अडवणूक सर्व्हरवर व्हायला हवी. वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या २०२१ सालच्या ‘टॉप १०’ यादीत वेब ॲप्लिकेशनच्या धोक्यांमध्ये मोडलेलं परवानगी-नियंत्रण पहिल्या क्रमांकावर आलं. आधीच्या, २०१७ च्या यादीत ते पाचवं होतं. आपल्या क्षेत्रात याचं अगदी साधं रूप दिसतं: पत्त्याच्या पट्टीत कामाचा नंबर असतो, तो एकाने वाढवला की शेजारच्या टेक्निशियनचं काम उघडतं. ही चाचणी तुम्ही स्वतः पाच मिनिटांत करू शकता. टेक्निशियनच्या लॉगिनने आत या, आपलं काम उघडा, नंबर बदला. उघडलं, तर हा तुमच्या रोलचा दोष नाही, सॉफ्टवेअर देणाऱ्याकडे लेखी तक्रार करायची गोष्ट आहे, आणि ती त्याच दिवशी करा.

याच जातीच्या आणखी वाटा तपासा. सगळीकडे शोधणारी वरची शोधपट्टी. रिपोर्ट आणि एक्सेलमध्ये काढायचं बटण. नेमणुकीचा आपोआप जाणारा ईमेल, ज्यात ग्राहकाचा पूर्ण पत्ता असतो आणि जो काम काढून घेतल्यावरही त्या माणसाच्या मेलबॉक्समध्ये राहतो. फोनच्या कॅलेंडरशी केलेली जोडणी. आणि हिशोबाच्या किंवा स्टॉकच्या सॉफ्टवेअरशी जोडणारं खातं, जे सुरुवातीला कुणीतरी ॲडमिन म्हणून उघडलं आणि नंतर कुणी पाहिलं नाही. एक्सेलचं बटण मी डिस्पॅचरलाही आपसूक देत नाही. तिचं काम बोर्डावर चालतं. कुणाला यादी लागतेच, तर कोणते रकाने हवेत ते विचारून तेवढाच रिपोर्ट करून देते.

मोबाइल ॲपचा मुद्दा मला सगळ्यात जास्त काळजीचा वाटतो. टेक्निशियन तळघरात, लिफ्टच्या खोलीत, रेंज नसलेल्या जागी काम करतात, म्हणून ॲप माहिती फोनवर उतरवून ठेवतं. सर्व्हरवर परवानगी काढलीत तरी फोनवर उतरलेली माहिती तिथेच राहते, पुढचं सिंक (सर्व्हरशी जुळवणी) होईपर्यंत. एका ठिकाणी काम एकाकडून काढून दुसऱ्याला दिलं होतं. पहिल्याचा फोन दोन दिवस सिंकच झाला नव्हता. त्याच्या ॲपमध्ये ते काम होतं, पत्ता होता, आणि शेऱ्याच्या रकान्यात मागच्या दाराच्या डिजिटल कुलपाचा नंबर होता. काही वाईट झालं नाही. पण मी ते त्याच्या हातातल्या फोनवर बघितलं तेव्हा मला धडकी भरली. त्या घरात राहणाऱ्या माणसाने आपल्यावर केवढा विश्वास टाकला होता!

त्यानंतर मी हे ठरवून टाकलंय. दाराचे नंबर, अलार्मचे कोड, किल्ली कुठे ठेवली आहे, हे शेऱ्यात कधीही लिहायचं नाही. त्यासाठी वेगळा रकाना हवा, जो फक्त नेमलेल्या माणसाला, फक्त कामाच्या दिवशी दिसेल आणि फोनवर साठवला जाणार नाही. रेंज नसेल तर तो डिस्पॅचरला फोन करून विचारेल, चालेल. जुन्या शेऱ्यांमध्ये असे नंबर आहेत का ते शोधून काढा. त्याला एक दुपार लागते. फोनवर किती दिवसांची कामं उतरतात ती संख्याही कमी करा. अनेक ॲपमध्ये ती बदलता येते, आणि आज-उद्याची कामं पुरतात. लॉगिन किती काळ चालू राहतं आणि हरवलेल्या फोनवरून माहिती दुरून पुसता येते का, हेही विचारून घ्या.

सब-कॉन्ट्रॅक्टरला तुमच्या टेक्निशियनचा रोल देऊ नका, थोडे अधिकार कमी करूनसुद्धा नाही. त्याचं तुमच्याशी नातंच वेगळं आहे. काम स्वीकारण्याआधी त्याला परिसर, कामाचा प्रकार, लागणारं स्किल आणि वेळ एवढंच दिसावं. नाव, पत्ता, फोन स्वीकारल्यावर. त्याच्या कंपनीत दहा माणसं असतील तर दहा वेगळी लॉगिन हवीत. एकच सामायिक लॉगिन दिलं की कोण ग्राहकाच्या घरी गेलं होतं हे तुम्हाला कधीच सांगता येणार नाही. त्याला तुमचा पूर्ण बोर्ड दिसू नये, ग्राहकाच्या जागेच्या जुन्या नोंदींपैकी फक्त त्या यंत्राशी संबंधित तेवढ्या दिसाव्यात. बिलिंग आणि स्टॉकचे रोल सरळ आहेत. फक्त सामान देणारा आणि सामानाची मोजणी नोंदवणारा एकच नको, तसंच स्वतःचे तास लिहिणारा आणि ते मंजूर करणारा एकच नको. सुपरवायझर स्वतःही कामाला जात असेल तर त्याचे तास दुसऱ्या कुणीतरी मंजूर करायचे.

रात्रपाळीचे ते चार रोल काढून टाका. रात्रपाळीचा डिस्पॅचर हा डिस्पॅचरच असतो, त्याची हद्द मात्र त्या वेळेपुरती चारही विभाग असते. सॉफ्टवेअरमध्ये मुदत लावून हद्द देता येत असेल तर उत्तम: सुरू रात्री १०, संपली सकाळी ६. येत नसेल तर चारही विभागांचा ‘रात्र’ नावाचा एक गट करा, त्यात त्या आठवड्याचा माणूस घाला आणि आठवडा संपला की काढा. तो काढायची जबाबदारी एका नावावर हवी, आणि त्या माणसाच्या कॅलेंडरमध्ये तशी आठवण हवी. तात्पुरती परवानगी देताना सगळे उत्साहाने देतात. काढताना कुणालाच आठवत नाही.

अडीअडचणीची सोयही आधीच करून ठेवा. सुपरवायझरचा फोन लागत नाही, ग्राहकाकडे पाणी गळतंय आणि बंद झालेलं काम उघडायचंय, अशी वेळ येतेच. सोय नसेल तर लोक पासवर्ड वाटतात, आणि एकदा वाटलेला पासवर्ड परत घेता येत नाही. म्हणून डिस्पॅचरला ‘तातडीने उघडा’ असा एक मार्ग द्या: कारण लिहायचं, दोन तासांनी तो आपोआप बंद, आणि लगेच सुपरवायझरला सूचना. महिन्याच्या शेवटी ती कारणं एकत्र वाचा. एकच कारण वारंवार आलं असेल तर ती परवानगी रोलमध्येच असायला हवी होती.

एकाच माणसाला दोन रोल देताना सावध राहा. बहुतेक सिस्टिममध्ये रोलची बेरीज होते. एका रोलने दिलेलं दुसरा रोल काढून घेऊ शकत नाही. डायनॅमिक्समध्ये तसंच आहे. सेल्सफोर्समध्ये परमिशन सेटच्या गटात काही गोष्टी म्यूट करता येतात, पण तो परिणामही त्या गटापुरताच. म्हणून ‘कडक’ नावाचा रोल जोडून कुणी कडक होत नाही, आधीचा सैल रोल काढावा लागतो. तुमच्याकडे कुणाला नको ते बटण दिसत असेल किंवा हवं ते दिसत नसेल, तर आधी त्याच्या नावावर किती रोल आहेत ते मोजा. माझ्या अनुभवात निम्मे फोन तिथेच संपतात.

आता प्रश्न उरतो तो सैल व्यवस्थेतून घट्ट व्यवस्थेत जायचा. एका रात्रीत सगळ्यांचे अधिकार काढले तर सकाळी आठला काम थांबतं, नऊला कुणीतरी वरिष्ठ सगळं पूर्ववत करायला सांगतो, आणि मग वर्षभर या विषयाचं नाव कुणी काढत नाही. आधी दोन-तीन आठवड्यांच्या नोंदी काढा: कोणी, प्रत्यक्षात, कोणती क्रिया केली. ज्या परवानग्या कुणी वापरल्याच नाहीत त्या पहिल्यांदा काढा, त्यांचा आवाजही होत नाही. महिन्यातून एकदाच लागणारी कामं, जसं महिनाअखेरचं बिलिंग, या नोंदींत दिसणार नाहीत, त्यांची वेगळी यादी विचारून घ्या. मग एकच विभाग घ्या, तोही गर्दीच्या दिवसांत नको, आणि आठवड्याच्या मधल्या वारी नवे रोल लावा. पहिले तीन दिवस बोर्डाशेजारी असा माणूस बसवा ज्याला परवानगी तिथल्या तिथे देता येते. त्याने काय काय दिलं याची वही तुमचा खरा रोल लिहून देते.

प्रत्येक रोलचं एक चाचणीचं लॉगिन कायम ठेवा आणि त्यावर उलट्या चाचण्या करा. टेक्निशियनला आपलं काम बंद करता येतं का हे सगळे तपासतात. तपासायचं हे असतं: त्याला दुसऱ्याचं काम बंद करता येत नाही ना, बंद केलेल्याचे तास वाढवता येत नाहीत ना, काढून घेतलेलं काम शोधपट्टीत सापडत नाही ना. वीस-पंचवीस अशा ओळी लिहून ठेवा आणि सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलं की त्या पुन्हा चालवा. नवं व्हर्जन नवी बटणं आणतं, आणि ती कोणाकोणाला मिळाली हे आपल्याला सांगितलं जातंच असं नाही. १९७५ साली जेरोम साल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी सुरक्षेची जी तत्त्वं लिहिली, त्यात हे स्पष्ट आहे: मुळात काहीच देऊ नये, आणि जे द्यायचं ते सांगून द्यावं. नव्या बटणांनाही तेच लागू करा.

माणसं जातात तेव्हा लॉगिन बंद करायचं बहुतेकांना आठवतं. राहून जातात ती बदली झालेली माणसं. टेक्निशियनचा सुपरवायझर झाला, मग काही महिने डिस्पॅचला मदतीला बसला, आता नियोजनात आहे: चारही रोल त्याच्याच नावावर आहेत आणि तो स्वतःचे तास लिहून स्वतःच मंजूर करू शकतो. तो करत नसेलही, पण अशी स्थिती त्याच्यावरही अन्याय करते, कारण उद्या हिशोबात फरक आला तर पहिली शंका त्याच्यावर जाईल. बदलीच्या दिवशी जुना रोल काढूनच नवा द्या. दर तीन महिन्यांनी प्रत्येक विभागाच्या सुपरवायझरपुढे त्याच्या माणसांची आणि त्यांच्या रोलची यादी ठेवा. ही यादी त्याला समजेल अशा भाषेत हवी: ‘बंद काम उघडू शकतो’, ‘दर बघू शकतो’. सॉफ्टवेअरमधली परवानग्यांची तांत्रिक नावं ठेवलीत तर तो न वाचता सही करेल.

राहिला मालकांचा प्रश्न. त्यांना सगळं दिसणारा, काहीही न बदलणारा रोल द्या, आणि तो का देताय ते समोर बसून सांगा. त्यांच्या फोनवर ॲडमिन लॉगिन उघडं असेल आणि तो फोन हरवला तर सगळ्या ग्राहकांचे पत्ते आणि सगळ्या माणसांची वेळापत्रकं त्यासोबत जातील. हे ऐकल्यावर हट्ट धरणारा मालक मला तरी भेटलेला नाही. ॲडमिन दोघांना द्या, एकट्याला नको, कारण तो एकटा रजेवर असेल त्याच दिवशी गरज पडते. त्या दोघांचंही रोजच्या कामाचं लॉगिन वेगळं असू द्या, ॲडमिन लॉगिनला पासवर्डखेरीज दुसरी खूणही लागू द्या, आणि एकाने स्वतःच्या परवानग्या बदलल्या तर दुसऱ्याला आपोआप कळू द्या. उद्या सकाळी पहिलं काम म्हणून सध्या किती जणांकडे ॲडमिन आहे ती यादी काढा, आणि त्यातल्या प्रत्येकाला विचारा की गेल्या महिन्यात त्याने ॲडमिन म्हणून नेमकं काय केलं.